भट्टीला कुलूप नको, नाव हवं

आपल्या कॉलेजात वाद घालायला विषयांची कधीच कमतरता नव्हती. मेसच्या रश्श्यात आज नेमकी कुठली भाजी होती इथपासून अटेंडन्सच्या अटीपर्यंत प्रत्येक गोष्टीवर प्रत्येकाचं मत असतं. पण हॉबी वर्कशॉपच्या दारावर महिन्याभरापूर्वी जी नोटीस लागली, तिच्याबद्दल मात्र कुणी फारसं बोलताना दिसत नाही. तिकडे जाणारे आपण पन्नासएक जण, बाकीच्यांना त्या खोलीत भट्टी आहे हेसुद्धा माहीत नाही. म्हणून हा लेख.

नोटीस थोडक्यात अशी: पुढच्या सेमिस्टरपासून मातीकामाची इलेक्ट्रिक भट्टी विद्यार्थ्यांनी लावायची नाही. महिन्यातून दोनदा ती फक्त वर्कशॉपचे अटेंडंट, म्हणजे आपले मामा, लावतील. नवा कंट्रोलर येईल, तापमान मोबाइलवर दिसेल. भट्टीच्या खोलीला कुलूप राहील आणि किल्ली ऑफिसात.

ही नोटीस का लागली ते आधी प्रामाणिकपणे सांगायला हवं. डिसेंबरात सबमिशनच्या गडबडीत एक ग्लेझची भाजणी लागली. तिघांनी मिळून भट्टी भरली, स्विच लावला आणि रात्री प्रत्येकजण या समजुतीत झोपला की दुसरा कुणीतरी बसलाय. ठरलेलं तापमान आल्यावर कंट्रोलरने बंद होण्याचा हुकूम दिला, पण कॉन्टॅक्टरचे पॉइंट चिकटून बसले होते. करंट चालूच राहिला. पहाटे वॉचमन काकांना वास आला आणि त्यांनी मेन पाडला तेव्हा आत काही उरलं नव्हतं. मगांचे कान वाकून शेजारच्या मगाला चिकटलेले, ग्लेझ ओघळून शेल्फवर तळी झालेली, दोन कॉइल तुटलेल्या. साठेक वस्तू गेल्या. माझे चार कप त्यातच होते, त्यांचं दुःख आहेच. पण चौकशी झाली तेव्हा जे कळलं ते जास्त वाईट होतं. लॉगबुकात तारीख होती, भाजणीचा प्रकार होता, सुरू केल्याची वेळ होती. नावाच्या रकान्यात काहीच नव्हतं.

तेव्हा कमिटीतल्या सरांना राग येणं स्वाभाविक आहे. त्यांच्या जागी मी असतो तर मीही चिडलो असतो. पण रागाच्या भरात काढलेला उपाय आणि दुखणं यांची गाठ पडतेच असं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की या नोटिशीने भट्टी सुरक्षित होणार नाही, उलट ती आणखी एकटी पडेल. डिसेंबरात नेमकं तेच तर झालं होतं.

कसं ते सांगतो. ज्यांनी कधी भट्टी पाहिली नाही त्यांच्यासाठी जरा मुळापासून.

इलेक्ट्रिक भट्टी म्हणजे तत्त्वाने हॉस्टेलच्या रूममध्ये कॉटखाली लपवलेली कॉइलची शेगडीच. (रेक्टर सरांनी हे वाक्य वाचलं नाही असं समजू.) फरक एवढाच की इथे तारा लोखंड, क्रोमियम आणि अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या असतात, ज्याला बाजारात कँथल म्हणतात, आणि भोवती हलक्या, सच्छिद्र इन्सुलेशनच्या विटा असतात. आपली भट्टी ९ किलोवॉटची, थ्री फेज. म्हणजे प्रत्येक फेजवर ३ किलोवॉट, साधारण १३ अँपिअर. वरच्या, मधल्या आणि खालच्या कॉइल वेगवेगळ्या फेजवर आहेत. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

भाजणी दोन वेळा होते. पहिली बिस्कची, साधारण १००० अंश सेल्सिअसला. तिच्यात माती कायमची माती राहात नाही, मडकं होते. मग त्यावर ग्लेझ लावून दुसरी भाजणी. आपल्याकडच्या स्टोनवेअर मातीला ती १२२० ते १२४० अंशांच्या आसपास लागते.

आता ऐकायला हे सोपं वाटतं. सेट पॉइंट टाका, बटण दाबा, जेवायला जा. पण आत काय चाललेलं असतं ते बघा. १०० अंशांना मातीतल्या उरल्यासुरल्या पाण्याची वाफ होते आणि तिचं आकारमान पाण्याच्या सोळाशे पटीहून जास्त होतं. भांडं वरून कोरडं पण आतून ओलं असेल तर ते फुटतं, आणि फुटतं म्हणजे शब्दशः फुटतं. साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या रेणूत बांधलेलं रासायनिक पाणी निघून जातं. शुद्ध केओलिनमध्ये हे पाणी वजनाच्या जवळपास १४ टक्के असतं. ५७३ अंशांना क्वार्ट्झच्या स्फटिकाची रचना बदलते आणि तो एकदम फुगतो; थंड होताना त्याच ठिकाणी परत आकसतो. या टप्प्यांवर घाई केली की तडा. वर जाताना घाई, खाली येताना घाई, दोन्हीला शिक्षा एकच.

या सगळ्याला वेळ लागतो. तापवायला १० ते १२ तास, आणि थंड व्हायला त्याहून जास्त. सकाळी लावलेली भट्टी दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत उघडता येत नाही.

इथेच नोटिशीचं गणित चुकतं. मामांची ड्यूटी सकाळी १० ते संध्याकाळी ५.३०. त्यांनी आल्या आल्या भट्टी लावली तरी सगळ्यात नाजूक शेवटचे तास रात्री ८ नंतर येणार. मग दोनच शक्यता. एक तर मामांना ओव्हरटाइमचा शब्दही न काढता रात्री दहापर्यंत थांबवायचं. ते कुणाला नाही म्हणत नाहीत हे आपण सगळे जाणतो, आणि म्हणूनच ते अन्यायाचं आहे. किंवा मग साडेपाचला कुलूप लावून ते घरी जाणार आणि भट्टी रात्रभर कंट्रोलरच्या भरवशावर. कुलूपबंद खोलीत. किल्ली ऑफिसात. डिसेंबरात वॉचमन काका निदान आत शिरू शकले, पुढच्या वेळी त्यांना आधी किल्ली शोधावी लागेल!

"पण नवा कंट्रोलर येणार आहे ना, मोबाइलवर सगळं दिसेल." हे मी इलेक्ट्रॉनिक्सच्या मित्रांकडूनच ऐकलं, तेव्हा जरा आश्चर्य वाटलं. डिसेंबरात कंट्रोलर चुकलाच नव्हता. त्याने वेळेवर बंदचा सिग्नल दिला होता. चिकटला तो कॉन्टॅक्टर. कंट्रोलर कितीही हुशार असला तरी त्याचं ऐकणारा हात एकच असेल आणि तो हात आखडला तर मोबाइलवर फक्त आकडा चढताना दिसेल. होळी बघावी तसं ते बघत बसायचं.

दुसरं म्हणजे तो आकडा तरी कशाचा? भट्टीत के टाइपचा एक थर्मोकपल आहे, मधल्या उंचीवर, भिंतीतून दोन बोटं आत आलेला. तो स्वतःच्या टोकाचं तापमान सांगतो. खालच्या शेल्फवरच्या तुमच्या वाडग्याला काय वाटतंय ते त्याला ठाऊक नसतं. शिवाय सतत एवढ्या उष्णतेत राहून थर्मोकपलची रीडिंग हळूहळू सरकते. आता मघाचे ते तीन फेज आठवा. संध्याकाळी सगळ्या हॉस्टेलांत गिझर आणि इस्त्र्या सुरू झाल्या की एखाद्या फेजचा व्होल्टेज पडतो. २३० चा २०७ झाला, म्हणजे फक्त १० टक्के पडला, तर त्या फेजच्या कॉइलची पॉवर किती होईल? व्ही स्क्वेअर अपॉन आर. ८१ टक्के! फर्स्ट इयरचा प्रश्न आहे, पण त्याचं उत्तर खालच्या शेल्फवर कच्च्या राहिलेल्या ग्लेझच्या रूपात हातात येतं तेव्हा ते जन्मात विसरत नाही.

म्हणून जुन्या जाणत्यांनी तापमानाच्या आकड्यावर कधीच पूर्ण विश्वास ठेवला नाही. इंग्लंडच्या जोसाया वेजवुडने १७८२ साली भट्टीतली उष्णता मोजायला मातीचेच छोटे तुकडे वापरले. ते किती आकसले यावरून तो अंदाज करायचा. पुढे १८८६ साली बर्लिनच्या राजेशाही पोर्सिलिन कारखान्यात हेरमान झेगरने कोन तयार केले. हा भूमितीतला कोन नव्हे. मातीच्या आणि ग्लेझच्या द्रव्यांचाच बनवलेला बोटभर निमुळता सुळका. ठराविक उष्णता 'प्याला' की तो वाकतो. गंमत अशी की तो नुसतं तापमान मोजत नाही, तापमान आणि वेळ दोन्ही मिळून मातीवर झालेलं काम मोजतो. आपण वापरतो तो सहा नंबरचा कोन शेवटच्या टप्प्यात ताशी ६० अंशांनी चढवलं तर १२२० च्या आसपास वाकतो, ताशी १५० ने चढवलं तर १२४० च्या आसपास. डाळ मंद आचेवर आणि मोठ्या आचेवर शिजण्यातला फरक आईला जसा कळतो तसा हा कोनाला कळतो.

पण कोन बघायला माणूस लागतो. पीपहोलपाशी यायचं, गॅस वेल्डिंगचा गॉगल लावायचा, त्या नारिंगी-पिवळ्या झगमगाटात सुळक्याचं टोक शोधायचं. ते झुकायला लागलं की समजायचं, आता आलंच. हे काम मोबाइल करत नाही.

आता तिसरा मुद्दा, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपली भट्टी सामायिक आहे. लॅबमध्ये माझा प्रयोग चुकला तर माझे मार्क जातात. भट्टीत माझी चूक शेजाऱ्याच्या भांड्यावर येते.

कुणीतरी भरीव नंदी करतो, आतून पोकळ न करता, दोन दिवस वाळवून आणून ठेवतो. तो फुटतो आणि त्याच्या कपच्या तीन शेल्फांवरच्या भांड्यांत शिरतात. कुणी गावाकडून आणलेल्या लाल मातीची पणती हौसेने ग्लेझच्या भाजणीत सरकवतो. ती माती १००० अंशांच्या आसपास छान भाजते, पण १२२० ला तिचा चिखल होऊन शेल्फवर डांबरासारखी पसरते. कुणी बुडाचं ग्लेझ पुसत नाही, मग मग आणि शेल्फ यांचं लग्न लागतं, आणि काडीमोड छिन्नी-हातोड्याशिवाय होत नाही. आणि सगळ्यात नवलाची गोष्ट: कुणी क्रोमियम ऑक्साइड घातलेलं हिरवं ग्लेझ वापरलं आणि शेजारी कुणाचा टिन ऑक्साइडने पांढरा केलेला वाडगा असला, तर क्रोमियमची वाफ उडून त्या पांढऱ्या वाडग्यावर गुलाबी डाग पडतात. दोघांची भांडी एकमेकांना शिवलेलीसुद्धा नसतात!

म्हणजे भट्टी भरणं हे नुसतं सामान रचणं नाही. कोणाची माती कुठली, कोणतं ग्लेझ, किती वाळलं, कोणाच्या शेजारी कोण, हे सगळं विचारावं लागतं. त्यासाठी एकमेकांशी बोलावं लागतं. ब्रँचच्या, वर्षाच्या, विंगच्या भिंती ओलांडून इथे सिव्हिलचा फायनल इयरवाला कॉम्प्युटरच्या फर्स्ट इयरवालीला विचारतो, "तुझ्या निळ्यात काय काय आहे गं?" मामांच्या टेबलावर भांडी ठेवून चिठ्ठी चिकटवून जायची पद्धत आली की हे बोलणंच संपेल. मग भट्टी ही लाँड्री होईल. कपडे द्या, पावती घ्या.

आपल्याकडे हे काही नवीन नाही. धारावीच्या कुंभारवाड्यात भट्ट्या अनेक कुटुंबांच्या सामायिक असतात, आणि तिथे भांडं बिघडलं तर हौस नाही, रोजी बुडते. गावच्या आव्याचंही तेच. आवा पेटला की कुंभाराच्या घरातलं कुणीतरी त्याच्यापाशी असतंच. संत गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून कोणतं मडकं पक्कं आणि कोणतं कच्चं ते सांगितलं, ही तेरची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. नामदेवांसारख्याला कच्चं ठरवायची ती परीक्षा कुंभाराच्या हातालाच जमली, कारण रोज भाजलेलं मडकं ठोकून, त्याचा नाद ऐकून तो हात तयार झालेला होता. आपण इंजिनियर होणार म्हणतो. आपला हात कुठे तयार होतो? फिटिंगचा जॉब सीनियरकडून वारसाहक्काने मिळतो, जर्नलमधली रीडिंग्ज मागच्या बॅचकडून. सगळ्या कॉलेजात एकच असं यंत्र उरलंय ज्याचं रीडिंग कॉपी करता येत नाही. त्यालाच कुलूप?

आता दुसरी बाजू. कुलूप लावणाऱ्यांचं म्हणणं मी धुडकावत नाही. १२०० अंशांची वस्तू म्हणजे खेळणं नव्हे. भाजताना मातीतल्या सेंद्रिय द्रव्यांमुळे कार्बन मोनॉक्साइड आणि गंधकाचे वायू निघतात, म्हणून एक्झॉस्ट बंद करून तिथे गप्पांचा अड्डा जमवणं हा शुद्ध मूर्खपणा आहे आणि तो आपल्यातल्या काहींनी केला आहे. पहाटेपर्यंत थांबण्याच्या नावाखाली भट्टीच्या खोलीतच चटई टाकून झोपणं हाही तसाच प्रकार. शिवाय वीज फुकट नाही. सरासरी निम्मी पॉवर धरली तरी १२ तासांत ५४ युनिट होतात, आणि भट्टी अर्धी रिकामी असली तरी विटा आणि शेल्फ तापवायला बरीचशी वीज तेवढीच लागते. चार मगांसाठी "माझं अर्जंट आहे" म्हणून भट्टी लावणाऱ्यांचं बिल शेवटी सगळ्यांच्या माथी. हे सगळं खरं आहे. आपण शिस्त लावून घेतली असती तर ही नोटीस लागलीच नसती.

म्हणून नुसतं "नोटीस मागे घ्या" म्हणण्यात अर्थ नाही. त्याऐवजी काय करायचं ते सांगितलं पाहिजे. माझ्या मते पाच गोष्टी पुरेशा आहेत.

पहिली, प्रत्येक भाजणीला एक नाव. थांबायला दोघं असावेत, एक शिकलेला आणि एक शिकणारा, पण लॉगबुकात जबाबदार म्हणून नाव एकाचंच. तिघांची जबाबदारी म्हणजे कुणाचीच नाही हे डिसेंबरात सिद्ध झालं. ज्याचं नाव त्याने मेन पाडल्याशिवाय हॉस्टेलवर जायचं नाही. बाहेरच्या खोलीत बसायचं, अर्ध्या तासाला फेरी मारायची, तापमान लिहायचं. तीन भाजण्या शिकाऊ म्हणून थांबल्याशिवाय कुणाला आपल्या नावावर भट्टी मिळणार नाही. आणि भाजणी सकाळी ७ ला लागली पाहिजे, म्हणजे रात्री जागायची वेळच येणार नाही. त्यासाठी हॉस्टेलवाल्यांइतके सोयीचे लोक कोण आहेत? आपण इथेच राहतो.

दुसरी, भरणाऱ्याला 'नाही' म्हणायचा अधिकार. माती आणि ग्लेझ लिहिलेली चिठ्ठी नसेल, बूड पुसलेलं नसेल, भांडं गालाला लावल्यावर गार लागत असेल म्हणजे अजून ओलं असेल, तर ते परत. मग ते भांडं मित्राचं असो, मैत्रिणीचं असो की खुद्द विभागप्रमुखांचं असो. नवं ग्लेझ आधी टेस्ट टाइलवर, खाली मातीची चकती ठेवून.

तिसरी, बंद करणारा दुसरा हात. वेगळा थर्मोकपल, वेगळा लिमिट कंट्रोलर आणि त्याचा स्वतंत्र कॉन्टॅक्टर. सेट तापमानाच्या थोडं वर गेलं की पूर्ण सप्लाय तोडायचा. इलेक्ट्रिकलच्या मंडळींनो, दरवर्षी प्रोजेक्टसाठी विषय शोधत लायब्ररीत फिरता, हा घ्या तयार विषय. फक्त बसवण्याआधी सरांकडून तपासून घ्या. नवा कंट्रोलर आला तर उत्तमच, मी यंत्राच्या विरोधात नाही. माणसाऐवजी नको, माणसाच्या जोडीला हवा.

चौथी, प्रत्येक शेल्फवर कोन, आणि भाजणीनंतर ते लॉगबुकाशेजारी तारखेसह जपून ठेवायचे. वर्षभरात भट्टीचा स्वभाव आपोआप कळेल. कॉइल जुन्या झाल्या की त्यांचा रेझिस्टन्स वाढतो, भट्टी चढायला वेळ लावते. तेही नोंदीतून आधीच दिसेल.

पाचवी, १०० अंशांच्या खाली आल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, आणि ज्याच्या नावावर भाजणी त्यानेच उघडायचं. नुकसान झालं तर ते लपवायचं नाही, लॉगबुकात लिहायचं. दंडापेक्षा ती नोंद जास्त उपयोगाची.

यात मामांची जागा कुठे? सगळ्यात वर. बारा वर्षं ते ही भट्टी सांभाळताहेत. त्यांच्याकडून शिकून घ्यायचं सोडून त्यांना रात्रपाळीचा पहारेकरी करणं हे त्यांच्या अनुभवाचं मोल नव्हे. शिकाऊ मुलांना पास करण्याचा अधिकार त्यांना द्या. व्हायवा त्यांनीच घ्यावा. मला खात्री आहे, तो आपल्या युनिव्हर्सिटीच्या व्हायव्यापेक्षा कडक असेल.

कमिटीतल्या सरांना आणि मॅडमना विनंती एवढीच की एक सेमिस्टर हे करून बघू द्या. एकही भाजणी नावाशिवाय लागली, तर कुलूप लावा, मी स्वतः किल्ली आणून देईन. आणि मित्रांनो, तुम्हालाही एक सांगतो. कुलूप नको म्हणणं सोपं आहे. त्या रिकाम्या रकान्यात आपलं नाव लिहून बारा तास खुर्चीवर बसणं कठीण आहे, कारण आत भांडी आपली कमी आणि दुसऱ्यांची जास्त असतात. पण सामायिक भट्टी म्हणजे दुसरं काय?

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी भाजणीची परवानगी मी मागितली आहे. मिळाली तर लॉगबुकात नाव माझं असेल. जोडीला एक शिकाऊ हवा आहे. सकाळी ७ ला, नाश्ता करून या.